बसेलकाकांची स्वतःची निवड

मला फक्त चाक धरायला सांगितलं होतं. उचलायचं नव्हतं, फिरवायचं नव्हतं. गुडघ्याला टेकवून उभं ठेवायचं, बस. याहून सोपं काम मला आजवर कुणी दिलेलं नाही, आणि तेही माझ्याच्याने झालं नाही. समोरच्या सलूनमधून न्हाव्याने हात केला, त्याला उलटा हात करायला म्हणून मी माझा उचलला आणि चाक निघालं. टायरच्या दुकानाला उतार, दुकानापुढच्या रस्त्याला त्याहून जास्त उतार. चाक आधी विचार करत करत गेलं, मग त्याने मनाचा निश्चय केला. फुलवालीच्या बादल्या आडव्या करून, एका सायकलला लोळवून, चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर आपटून ते एकदाचं शांत झालं. फुलवाली जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही, आणि तिचं अगदी बरोबर होतं.

ज्यांनी मला चाक धरायला दिलं होतं ते दारात उभे राहून उताराकडे बघत होते. मी खाली मान घालून चाक वर आणलं आणि आता काय ऐकून घ्यावं लागतंय म्हणून उभा राहिलो.

"डावीकडे ओढतंय," ते म्हणाले. "रिम वाकलीय."

मी चाक सोडलं म्हणूनच हे कळलं, असं मी सुचवून बघितलं. त्यावर ते उतार उतरू लागले. खाली जाऊन फुलवालीच्या बादल्या मात्र त्यांनी स्वतः भरून दिल्या, आणि वाकलेली रिम ठोकून सरळही केली.

हे बसेलकाका. माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे. पण त्यांना सगळेच काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. उरलेलं नाव त्यांच्या धंद्यातून आलं होतं. गाडीला कंपनीने दिलेली चाकं काढून दुसरी घालायची असली की लोक त्यांच्याकडे येत. अमुक रिम, तमुक टायर, माझ्या गाडीला बसेल का, असं विचारत. काका गाडीभोवती एक फेरी मारत, खाली बसत, उठत आणि म्हणत, "बसेल." किंवा म्हणत, "नाही." नाहीचं कारण विचारलं तर पुन्हा एकदा "नाही" म्हणत, म्हणजे पहिल्या वेळी नीट ऐकू आलं नसेल तर. पण त्यांच्या 'बसेल'वर दाताचे डॉक्टर, टॅक्सीवाले, नव्या नव्या नोकरीची पोरं, सगळे डोळे मिटून विसंबत. हवा भरायचं यंत्र, जॅक आणि तो एक शब्द, एवढंच त्यांचं भांडवल.

मी रोज जाऊन बसू लागलो. निवृत्त माणसाला जाऊन बसायला जागा लागते आणि तिथे जुन्या टायरच्या थप्पीवर ती होती. तोवर टायरच्या कडेवरचे आकडे मला कंपनीचा फोन नंबर वाटत. हळूहळू कळलं की पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के त्याची भिंत उंच, आणि शेवटचा, आतली रिम किती इंची. रिम मोठी घेतली की टायरची भिंत बुटकी घ्यायची, म्हणजे चाकाची एकूण उंची होती तेवढी राहते. नाहीतर काटा एक वेग दाखवतो आणि गाडी भलत्याच वेगाने पळते. पोरं यायची ती मोठी रिम आणि मोठा टायर, दोन्ही मागत. ती घातलेली गाडी बापाचे बूट घालून निघालेल्या मुलासारखी दिसते, असं मी म्हणायचो. काका म्हणायचे, "दिसू दे. घासायला नको."

कारण खरी गोम तिथे होती. चाक मडगार्डच्या किती आत बसतं, किती बाहेर डोकावतं, खड्ड्यात गाडी खाली दबली आणि त्याच वेळी स्टीअरिंग पुरतं वळवलेलं असलं तर टायर कुठे टेकतो, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. त्यासाठी काकांचं स्वतःचं यंत्र होतं, ते म्हणजे कणकेचा गोळा.

काकू सकाळी घरच्या कणकेआधी चाकाची कणीक मळत. घट्ट, दगडासारखी, आणि तोंडात घालवणार नाही इतकी खारट, म्हणजे उंदरांनी तोंड लावू नये. काका तिची जाड पट्टी करून मडगार्डच्या आतून चिकटवत, नवं चाक चढवत, गाडीत वजन भरत आणि शाळेच्या मैदानाजवळच्या उंच गतिरोधकावरून स्टीअरिंग पार वळवून गाडी नेत. परत आल्यावर चाक काढायचं आणि कणीक बघायची. कणीक गुळगुळीत असली की "बसेल." तिच्यावर ओरखडा असला की "नाही," मग ते चाक कितीही देखणं असो. वजन म्हणून त्यांनी माझी नेमणूक केली. माझ्या पोटाचा कुणाला काही उपयोग होईल असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, निदान भरल्या पोटी घराबाहेर तरी असता.

दुकानाचा पुढचा अर्धा भाग मात्र काकांचा नव्हता. तिथे काचेची खोली होती. थंडगार, भिंतीवर चकचकीत रिमा, आणि त्यांच्याखाली तितकाच चकचकीत काकूंचा धाकटा भाऊ. गल्लीत त्याला 'शोरूम' म्हणत. कॉलेज अर्धवट सोडून चार दिवसांसाठी म्हणून तो बहिणीकडे आला आणि आता चाळिशीला आला तरी ते चार दिवस संपले नव्हते. आधी त्याने गाद्या विकून बघितल्या, मग पाण्याचे फिल्टर, मग कुठल्याशा माळरानावरचे प्लॉट. जमेना तेव्हा काकांनी त्याला हाताशी घेतलं. बोलण्यात तो असा पटाईत की मी स्वतः एकदा त्याच्याकडून रिमा पुसायचं खास फडकं घेऊन घरी गेलो. पण त्याचा हातही चांगला होता, हे खोटं नाही. कणीक वाचायला काकांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. एकदा तो समोर नसताना काका मला म्हणाले, "माझ्यामागं हा सांगेल ते लोकांनी डोळे मिटून ऐकावं." काकांच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

काकांचं प्रेम म्हणाल तर दुकानाच्या मागे चादरीखाली होतं. दोनच माणसांची, बुटकी, हिरवी स्पोर्ट्स कार. मूळची एका डॉक्टरांची. त्यांची कंबर गेली आणि गाडीत बसलेले डॉक्टर बाहेर काढायला दोन माणसं लागू लागली, तेव्हा त्यांनी ती काकांना देऊन टाकली. गंजून तिची चाळण झाली होती. काकांनी कित्येक वर्षं, दुकान बंद असेल त्या त्या दिवशी तिच्यावर काम केलं. इंजिन लागलं, रंग झाला, आणि सगळं घोडं चाकांपाशी येऊन अडलं. मूळची पंधरा इंची चाकं तडकलेली होती आणि तशी आता मिळत नव्हती. गावभरच्या गाड्यांना एका फेरीत उत्तर देणारा हा माणूस स्वतःच्या गाडीपुढे बसून राही. दुसऱ्या बनावटीची पंधरा मागवावीत तर ती त्या मडगार्डात हरवल्यासारखी दिसत. सतरा लावून बघितली तर टायर इतका बुटका होई की खडा लागला तरी मणक्याला कळे. काकू म्हणत, माझ्याशी लग्न करायचं ठरवायला ह्यांना एक संध्याकाळ लागली होती, म्हणजे चाकांचं स्थान कुठे आणि माझं कुठे ते समजून घ्या.

शेवटी ठरलं सोळा इंची. दोनशे पाच रुंद टायर, भिंत पंचेचाळीस टक्के. मूळ उंचीपेक्षा चाक बोटभरच जास्त, आणि मडगार्डच्या कडेशी अगदी समपातळीत. त्या चाचणीला वजन म्हणून मीच होतो. गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर पाय पसरून बसणंच. गतिरोधक माझ्या डोळ्यांच्या रेषेत येत होता. परत आल्यावर काकांनी चाक काढलं, बॅटरी आत धरली आणि कणकेवरून बोट फिरवलं. नुसती गुळगुळीत. ते तिथेच उकिडवे बसले, आणि मला नाही, शोरूमला नाही, कुणालाच नाही, असं हळूच म्हणाले, "बसेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांत परगावी त्यांच्या मोठ्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला दुसरं कुणी नव्हतं. काका तिच्याकडे गेले आणि तिथे काही आठवडे अडकले. मीही त्या काळात दुकानाकडे फिरकलो नाही. एक टायर मर्दासारखा उचलायला गेलो होतो, त्यामुळे घरात आडवा होतो. पहिल्यांदा बाहेर पडलो तो नेमका काका परत आले त्याच सकाळी. ते घरी न जाता बसमधून थेट दुकानात आले होते, हातात पिशवी. आम्ही दोघं एकदमच काचेच्या खोलीपाशी पोचलो आणि एकदमच थांबलो.

आतल्या भिंतीवर, खालपासून वरपर्यंत, हिरव्या गाडीचा फोटो होता. तिला अठरा इंची, काळीभोर, पसरट चाकं. मडगार्ड भरून बाहेर आलेली. कोपऱ्यात गोल चौकटीत काकांचा चेहरा, कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून कापलेला, त्यामुळे खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहून गेला होता. आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'बसेलकाकांची स्वतःची निवड'.

मला आधी हसू आलं. अशी गंमत पोरं करतात, फोटोत चाकं बदलणं आता सोपं असतं, असं मी म्हणालोसुद्धा. काका मागे गेले होते. त्यांनी चादर ओढली. फोटोत काहीही बदललेलं नव्हतं.

ते गाडीभोवती फिरले, नेहमीसारखी एक फेरी. मग मागच्या चाकापाशी खाली बसले आणि मडगार्डच्या कडेखाली बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला रक्त होतं. कडेचा आत वळलेला पत्रा ग्राइंडरने कापून टाकला होता, चारही चाकांवरचा. वरून रंगाचा हात फिरवला होता, त्यामुळे उभ्याने दिसलं नसतं. काका तसेच पाठीवर आडवे झाले आणि हात आत घालून चाचपत राहिले. हात बाहेर आला तेव्हा मुठीत वाळलेल्या कणकेचा तुकडा होता. त्याच्यावर खोल, सरळ ओरखडा. नांगर फिरवल्यासारखा.

तोवर शोरूम मागे येऊन उभा राहिला होता. भाऊजी, आल्या आल्या कशाला, आधी चहा घ्या, ताई वाट बघतेय, असं काहीतरी त्याने सुरू केलं. काकांनी तुकडा त्याच्यापुढे धरला.

"कणीक कुणी मळली?"

"ताईनं."

"लावून बघितलंस."

"बघितलं."

"घासत होतं."

"हो."

"मग?"

शोरूमने माझ्याकडे बघितलं. मी टायरच्या थप्पीकडे बघितलं.

"मग कापलं," तो म्हणाला.

त्यानंतर मात्र तो भरभर बोलत सुटला. ही चाकं बनवणाऱ्या कंपनीचे लोक गावात एजन्सी कुणाला द्यायची ते बघायला आले होते. त्यांना फोटो हवा होता, स्पोर्ट्स कारचा, आणि असा माणूस हवा होता ज्याच्या नावावर लोक चाकं घेतील. सोळा इंचीवर ते हसले असते. एजन्सी मिळाली, भाऊजी. दोघांच्या नावावर आहे. तुमची सोळा इंची तिकडे कॉम्प्रेसरमागे जपून ठेवलीत, फडक्यात गुंडाळून, फोटो झाला की परत लावणारच होतो. कड कापली ती आतली, कुणाला दिसते? सांगताना तो सरळ काकांच्या डोळ्यांत बघत होता. म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. आणि तेच ऐकवत नव्हतं.

काका काही म्हणण्याआधी दारात हॉर्न वाजला. शाळेतल्या खेळाच्या बाई होत्या. छोटी पांढरी गाडी, आणि तिलाही तीच काळी, पसरट चाकं. बाई उतरल्या त्या काकांना बघून आनंदाने. म्हणाल्या, बरं झालं भेटलात, वळताना जरा करकर होतं आणि रबराचा वास येतो. काका खाली बसले. पुढच्या टायरची खांद्याकडची बाजू खरवडून आतले धागे बाहेर आले होते. हा टायर कधीही फुटला असता. मलाही ते कळलं, आणि मला कळलं म्हणजे बघा.

कधीपासून होतंय, काकांनी विचारलं.

"लावल्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. "पण तुमची निवड म्हटल्यावर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

काकांनी त्यांची जुनी चाकं शोधून आणली आणि चारही बदलून दिली. बाई गेल्या, आणि काकांनी पिशवी उचलून घरची वाट धरली. काचेच्या खोलीवरून जाताना त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही. मी मात्र बघितलं. लग्नातला तो परका हात त्यांच्या खांद्यावर तसाच होता.

घरी काय झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. मांडणीपाशी उभे राहून ह्यांनी एवढंच विचारलं, तुला ठाऊक होतं? त्या खोटं बोलू शकल्या असत्या. पण नाही बोलल्या. भावाने कणीक मागितली तेव्हा कुठल्या गाडीला, हे त्याने सांगितलं होतं. रोज संध्याकाळी ह्यांचा फोन येई, गाडी झाकलेली आहे ना म्हणून विचारत, आणि त्या, हो, झाकलेली आहे म्हणून सांगत. "खोटं कुठं होतं ते? झाकलेलीच होती," काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

काकांनी घरात आदळआपट केली नाही, आवाज चढवला नाही. जेवायला बसत, वाढलेलं खात, ताट स्वतः घासून ठेवत. फक्त सकाळी उठल्यावर डबा उघडून स्वतःच कणीक मळू लागले, घरची. काकूंनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं की ह्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुकानाकडे ते गेले नाहीत. एक दिवस टेम्पो बोलावून हिरवी गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली, सोळा इंची चाकांसह, आणि तिच्याखाली शिरले.

इकडे दुकानात लोक येत, काका कुठेत विचारत आणि नाहीत म्हटल्यावर बसेल का ते न विचारताच जात. शोरूमने फोटो उतरवला. मग तो माझ्याकडे आला. घरच्यांखेरीज काका ज्याच्याशी बोलतात असा माणूस मीच, असं त्याचं म्हणणं. त्याची दाढी वाढली होती आणि शर्टाला इस्त्री नव्हती. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच माणसासारखा बघत होतो. काकूंनीही निरोप पाठवला की तुम्ही एकदा बोलाच, तुमचं ते ऐकतात. माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही, चाकानेसुद्धा नाही, पण गेलो.

शेडमध्ये फक्त काकांचे पाय दिसत होते. कानसेचा आवाज येत होता. कापलेल्या कडेचे दात ते घासून बोथट करत होते, पुन्हा कुणाचा हात कापू नये आणि गंज चढू नये म्हणून. मी एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो आणि त्या पायांना उद्देशून बोलायला सुरुवात केली.

आधी जरा इकडचं तिकडचं झालं. न्हाव्याची चौकशी, फुलवालीचा नमस्कार. मग मी मुद्द्याला हात घातला. म्हटलं, काका, पत्र्याला पत्रा जोडता येतो, तुम्हीच तर लोकांचे जोडून देता. म्हटलं, पोराने केलं ते दुकानासाठी, तुमच्याच दुकानासाठी. तुम्ही त्याला घास भरवून मोठा केला असं काकू म्हणतात, आता त्याच घासावरून त्याला उठवणार का? फोटो काढलाय. एजन्सीसुद्धा परत करतो म्हणतोय. तिकडे लोक तुमची वाट बघताहेत, खेळाच्या बाई दोनदा येऊन गेल्या. काकू रात्री जागतात. आणि मी म्हटलं, हे तर माझं मला खूपच आवडलं, की तुमच्या मनाला जो ओरखडा पडला तो पडला, पण त्यावर बोट फिरवत किती दिवस बसणार?

कानस चालूच होती. मला वाटलं, त्यांना ऐकूच येत नसावं. मी बादली पुढे सरकवली, वाकलो आणि गाडीखाली तोंड घालून, अगदी हात जोडून म्हणालो, काका, झालं गेलं सोडून द्या, तो चुकला, माणूस आहे, चुकला.

कानस थांबली.

"चुकला असता तर आलो असतो," काका म्हणाले.